अमेरिकेला जाण्याआधीचा लसीकरणाचा फॉर्म आणि माझ्या रक्ताने दिलेली उत्तरं

एमएसला ॲडमिशन मिळाली की व्हिसा, कर्ज, तिकिटं यांवर सल्ला देणारे पन्नास जण भेटतात. लसीकरणाच्या फॉर्मबद्दल विचारलं की मात्र 'अगं, डॉक्टरांकडून भरून घे आणि अपलोड कर' एवढंच उत्तर येतं. माझा मे ते जुलैमधला बराच वेळ त्या फॉर्मनेच खाल्ला, आणि मधल्या काही रात्रींची झोपही. म्हणून जे जसं घडलं ते तारखांसकट लिहितेय.

एप्रिलच्या शेवटी युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर माझ्या नावाखाली लाल पट्टी आली. इम्युनायझेशन होल्ड. ही पट्टी जाईपर्यंत एकाही कोर्सला नाव नोंदवता येत नाही. फॉर्म दोन पानी. एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालफुगी-रुबेलाच्या एकत्र लसीचे, दोन डोस. कांजिण्यांचे दोन. हेपॅटायटिस बीचे तीन. गेल्या दहा वर्षांत घेतलेली टीडॅप, म्हणजे धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस. २१ वर्षांपर्यंतच्या मुलांना मेनिंगोकॉकल, म्हणजे मेंदूज्वराची लस. शिवाय टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्यांना टीबीची तपासणी. प्रत्येक रकान्यापुढे तारीख हवी आणि तारीख नसेल तर 'टायटर', म्हणजे त्या रोगाविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात किती आहेत त्याचा रिपोर्ट. प्रत्येक युनिव्हर्सिटीचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा मैत्रिणीचा फॉर्म बघून कामाला लागू नका. स्वतःचा वाचा.

बाबांची बँकेत बदलीची नोकरी. जत, कराड, परत सांगली अशी घरं बदलताना माझं लसीचं कार्ड टिकलं हेच नवल. एलआयसीच्या फाईलमध्ये सापडलं. बीसीजी (टीबीची लस), पोलिओ, ट्रिपल, नवव्या महिन्यात गोवर, सगळ्यांवर शिक्के. पण पुढचं पान कधीतरी भिजलेलं. पंधराव्या महिन्याच्या रकान्यात शिक्का आहे, तारखेचा नुसता निळा डाग. ज्यांनी लशी टोचल्या ते डॉक्टरकाका निवृत्त होऊन मुलाकडे गेले, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

उरली आईची आठवण. ती मात्र चोख. "गोवर तुला बालवाडीत झाला, लस घेऊनही झाला. कांजिण्या तिसरीत. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घातली होती, विसरलीस?" हेपॅटायटिस बीच्या लशीचं शाळेत शिबिर झालं होतं. हॉलमध्ये बाही वर करून रांगेत उभं राहिल्याचं मलाही आठवतं. कागद मात्र एकही नाही.

३ मेला एका एमडी मॅडमकडे गेलो. माझ्या मैत्रिणीच्या भावाचा फॉर्म त्यांनीच भरला होता, हे महत्त्वाचं. ज्या डॉक्टरांनी असा फॉर्म आधी पाहिलाय त्यांच्याकडेच जा, निम्मं काम तिथेच होतं. मॅडमनी दोन्ही पानं शांतपणे वाचली आणि पहिल्यांदा नवव्या महिन्यातला गोवरचा डोस पेन्सिलीने खोडला.

"हा ते धरणार नाहीत. पहिल्या वाढदिवसाआधीचा आहे."

मला रागच आला. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे दिलेली लस चालत नाही म्हणजे काय? मॅडमनी समजावलं. जन्मताना आईकडून मिळालेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात काही महिने असतात. त्या गोवरच्या लशीतल्या विषाणूलाच आधी गाठतात, त्यामुळे बाळाच्या स्वतःच्या पेशींना त्याची नीट ओळख व्हायची राहते. नवव्या महिन्यात दिलेल्या डोसने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळतं, वर्षानंतर दिला तर ९५ टक्क्यांच्या आसपास. मग आपल्याकडे नवव्या महिन्यात का देतात? कारण आपल्याकडे गोवर बाळांना लवकर गाठायचा. वर्षभर थांबणं परवडणारं नव्हतं. मी त्या उरलेल्या १५ टक्क्यांतली असणार, म्हणून बालवाडीत गोवर झाला.

"आईंना सगळं आठवतंय, पण तिथे ते चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "आपण रक्तालाच विचारू."

६ मेला लॅबमध्ये गेले. इथे जरा सांभाळा. चिठ्ठीवर 'आयजीजी' असं स्पष्ट लिहिलेलं असूनही काउंटरवरच्या मुलाने बिल 'आयजीएम'चं केलं होतं. आयजीएम अँटिबॉडी संसर्ग ताजा असताना बनतात, ताप-पुरळ असलेल्या पेशंटसाठी ती टेस्ट. जुनी ओळख दाखवतात त्या आयजीजी. बिल फाडायच्या आधी वाचलं म्हणून वाचले. रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' नको, आकडा आणि त्याची मर्यादा छापलेली हवी, आणि नाव पासपोर्टवरचं, वडिलांच्या नावासकट, जसंच्या तसं. गोवर, गालफुगी, रुबेला मिळून तीन हजारांच्या आसपास, कांजिण्यांचे हजारावर, हेपॅटायटिस बीचे त्याहून थोडे कमी. नमुने मुंबईला जातात, रिपोर्टला चार-पाच दिवस धरा.

शरीर एखाद्या रोगाची आठवण किती वर्षं ठेवतं, हे वाचण्यात मी ते दिवस घालवले. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ साली गोवरची मोठी साथ आली. त्याआधीची साथ १७८१ची, मधल्या ६५ वर्षांत तिथे गोवर नव्हताच. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे पाठवला गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की बेटांवर तरुण-मध्यमवयीन सगळे आडवे झाले असताना, लहानपणी १७८१ला गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो परत झाला नाही. विषाणू म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं त्या काळातली ही नोंद. पुढे २००८ साली संशोधकांनी १९१८च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या रक्तात त्याच विषाणूला ओळखणाऱ्या पेशी शोधून दाखवल्या. नव्वद वर्षं!

१० मेला रिपोर्ट आला. गोवर भरभक्कम पॉझिटिव्ह. रुबेला पॉझिटिव्ह. कांजिण्या पॉझिटिव्ह. आईने लगेच "बघ, मी सांगत होते" म्हणून घेतलं. कांजिण्यांची लस मी कधीच घेतलेली नाही, पण तिसरीतला तो आजार माझ्या रक्ताला पाठ आहे. त्यातली एक गोम मॅडमनी सांगितली. कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावर शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो. त्याची आठवण ठेवणाऱ्या पेशी त्याला जन्मभर दाबून ठेवतात, आणि वय झालं, पहारा ढिला पडला की तोच नागीण होऊन वर येतो. गेल्या वर्षी बाबांना झालेली नागीण ती हीच.

गालफुगीपुढे मात्र लिहिलं होतं 'इक्विव्होकल'. म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. युनिव्हर्सिटीच्या भाषेत त्याचा अर्थ 'नाही'. आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस आहे, गालफुगीची नाही, ती खासगीतच घ्यावी लागते. शिवाय गालफुगीच्या अँटिबॉडी तशाही लवकर उतरतात. अमेरिकेत दोन-दोन डोस घेतलेल्या कॉलेजच्या मुलांमध्येही गालफुगीच्या साथी आल्यात, त्यामुळे ते लोक याबाबत ताठर आहेत. मला एमएमआरचे दोन्ही डोस घ्यायचे ठरले, मध्ये किमान २८ दिवस.

खरा धक्का हेपॅटायटिस बीचा होता. १० किंवा जास्त हवं, माझं ४.

"म्हणजे शिबिरात आम्हाला पाणी टोचलं का?" मी विचारलं. तीन डोसांचा कोर्स नव्याने घ्यायचा तर शून्य, एक आणि सहा महिने. ऑगस्टच्या आत तो संपणं शक्यच नव्हतं.

मॅडम हसल्या. "दही संपलं म्हणून विरजणही संपलं असं असतं का? रिपोर्टमध्ये दही मोजलंय. विरजण आहे की नाही ते थोडं दूध घालून बघू."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत रोचक वाटतं. लस किंवा संसर्ग झाला की शरीरात दोन तऱ्हेच्या पेशी मागे राहतात. एक, अँटिबॉडी बनवत राहणाऱ्या. त्या मुख्यतः हाडांच्या मगजात जाऊन बसतात आणि गोवरसारख्या रोगाच्या बाबतीत जन्मभर काम करतात. दुसऱ्या, स्मृतिपेशी. त्या लसिकाग्रंथींत, प्लीहेत गप्प असतात, काहीच बनवत नाहीत, पण तोच शत्रू पुन्हा दिसला की काही दिवसांत वाढून अँटिबॉडीचा पूर सोडतात. टायटर फक्त रक्तात फिरणाऱ्या अँटिबॉडी मोजतो. गप्प बसलेल्या पेशी त्याला दिसत नाहीत. हेपॅटायटिस बीच्या लशीनंतर आकडा वर्षांगणिक घसरतो, तरी संरक्षण टिकतं, कारण हा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला दोन-तीन महिने लागतात. स्मृतिपेशींना जागं व्हायला तेवढा वेळ भरपूर झाला. मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस जिवाणूला तीन-चार दिवस पुरतात. तिथे आठवण असून भागत नाही, अँटिबॉडी आधीच रक्तात तयार हव्यात. म्हणून हॉस्टेलला जाणाऱ्या मुलांना सोळाव्या वर्षानंतरचा डोस मागतात, लहानपणीचा चालत नाही. मी बावीसची, त्यातून सुटले. माझी होणारी रूममेट एकवीसची, तिला पाच हजारांच्या आसपास खर्च आला.

१३ मेला क्रम असा ठरला : आधी टीबी गोल्डसाठी, म्हणजे टीबीच्या संसर्गाच्या तपासणीसाठी, रक्त, मग लशी. हा क्रम उलटा करू नका. एमएमआर ही जिवंत विषाणूची लस आहे, तिच्यानंतर काही आठवडे टीबीच्या तपासणीचं उत्तर दबू शकतं. एक तर त्याच दिवशी रक्त द्या, नाही तर महिनाभर थांबा. रक्त देऊन झालं, मग एका दंडात एमएमआर, दुसऱ्यात टीडॅप आणि हेपॅटायटिस बीचा एक डोस. टीडॅपला दीड हजाराच्या आसपास गेले, एमएमआर आणि हेपॅटायटिस बी त्यामानाने स्वस्त. टीडॅपचा हात पुढचे दोन दिवस वर उचलता येत नव्हता. वेणी आईने घातली.

आता टीबी गोल्ड. युनिव्हर्सिटीने मॉन्टू चालेल की नाही यावर गोलमाल लिहिलं होतं. मॉन्टूमध्ये हातावर कातडीखाली सुई टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेलं असतं, आणि शरीराला आठवण बीसीजीची आहे की खऱ्या टीबीची, हे त्या गाठीला कळत नाही. माझ्या वर्गातल्या एकाची मॉन्टू अशीच फुगली आणि त्याला शेवटी टीबी गोल्ड करावीच लागली. टीबी गोल्डमध्ये रक्त चार छोट्या नळ्यांत घेतात. त्यातल्या दोन नळ्यांत टीबीच्या जिवाणूची अशी प्रथिनं असतात जी बीसीजीत नाहीत. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पूर्वी त्या जिवाणूला भेटलेल्या असतील तर रात्रभरात इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य सोडतात, तेच मोजतात. अडीच हजार रुपये. नमुना वेळेत उबवणीच्या यंत्रात जावा लागतो, म्हणून सकाळी जा आणि शनिवारी जाऊ नका.

मर्यादा ०.३५. माझा आकडा १च्या पुष्कळ वर. पॉझिटिव्ह.

रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मला ना खोकला ना ताप, वजनही व्यवस्थित. तरी त्या रात्री मी स्वतःचा श्वास ऐकत पडले. आईचं पहिलं वाक्य होतं, "मावशीला सांगू नकोस." बाबा काही बोलले नाहीत, फक्त उठून मागच्या खोलीची खिडकी उघडून आले. घरात आजवर कुणाला टीबी झाल्याचं ऐकलेलं नाही. मग हा आला कुठून? कॉलेजची बस, क्लासची बंद खोली, हॉस्टेल, कुठूनही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दारातच सांगितलं, "आधी बस. तुला टीबी झालेला नाही." राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात, २०१९ ते २०२१ दरम्यान, १५ वर्षांवरील साधारण ३१ टक्के लोकांमध्ये हा संसर्ग सापडला. दहांत तीन. जिवाणू कधीतरी शिरला, शरीराने त्याला कोंडून ठेवला, पेशींना तो लक्षात राहिला. एवढंच ही टेस्ट सांगते. कधी शिरला, आज आत जिवंत आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. अशांपैकी पाच ते दहा टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी खरा आजार होतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. दुसऱ्याला लागण होते ती आजार असलेल्याकडून, माझ्यासारख्यांकडून नाही. हे वाक्य मी आईसमोर त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

छातीचा एक्स-रे काढला, पाचशे रुपये. स्वच्छ. मॅडमनी लेटरहेडवर पत्र दिलं : टीबी गोल्ड पॉझिटिव्ह, एक्स-रे नॉर्मल, लक्षणं नाहीत, सक्रिय टीबी नाही. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. एक्स-रेचा रिपोर्ट इंग्रजीत, रेडिओलॉजिस्टच्या सहीने वेगळा. त्यावर काढल्याची तारीख हवी, जुना एक्स-रे घेत नाहीत. फिल्म जपून ठेवा, मी हातातल्या बॅगेत नेली.

आणखी एक गोष्ट या दरम्यान वाचली आणि बालवाडीतल्या गोवरकडे बघण्याची दृष्टी बदलली. गोवरचा विषाणू नेमका स्मृतिपेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवरच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की इतर रोगांविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के पुसल्या गेल्या होत्या. गोवर स्वतःची आठवण पक्की ठेवतो आणि इतरांची खोडतो. 'होऊन गेला की पोर मोकळं होतं' असं आमची आजी म्हणायची. ते मला आता म्हणवत नाही.

एमएमआरचा दुसरा डोस ११ जूनला घेतला. २८ दिवस १० तारखेला भरत होते, मॅडमनी मुद्दाम एक दिवस वर जाऊ दिला. १७ जूनला हेपॅटायटिस बीचा टायटर पुन्हा. या वेळी लॅबच्या यंत्राला वरचा आकडा मोजताच आला नाही, 'हजारपेक्षा जास्त' एवढंच छापून आलं. एका डोसवर, महिनाभरात, चारावरून हजाराच्या वर. पहिल्यांदाच लस घेणाऱ्याचं असं होत नाही. म्हणजे शाळेच्या हॉलमधल्या त्या रांगेला काही अर्थ होता. मॅडमनी रिपोर्ट बघून एवढंच म्हटलं, "लागलं की विरजण."

२० जूनला सगळं अपलोड केलं आणि आठवड्याने फॉर्म परत आला. कारण : एमएमआरच्या दुसऱ्या डोसची तारीख भविष्यातली आहे. आपल्याकडे ११/०६ म्हणजे अकरा जून, त्यांच्याकडे सहा नोव्हेंबर. फॉर्म पुन्हा भरला, या वेळी महिना अक्षरांत. पान नव्याने सही-शिक्क्याचं करून घेतलं, स्कॅन मोबाईलने न करता झेरॉक्सवाल्याकडून काढलं. मध्ये त्यांची ४ जुलैची सुट्टी आली. हेल्थ सेंटरला ईमेल केला तर तीन-तीन दिवस उत्तर येत नाही, पोर्टलमधल्या मेसेजला मात्र दुसऱ्या दिवशी आलं. ८ जुलैला लाल पट्टी गेली. एकूण खर्च बारा हजारांच्या आत. मेमध्ये सुरुवात केली म्हणून जमलं. जुलैत केली असती तर २८ दिवसांचं गणितच बसलं नसतं.

इथे अमेरिकेत आल्यावर पहिल्याच महिन्यात हेल्थ सेंटरच्या नर्सने बोलावून सुप्त टीबीचा, म्हणजे शरीराने कोंडून ठेवलेल्या त्या जिवाणूवरचा, उपचार घ्यायचा का विचारलं. सक्ती नव्हती. मी घेतेय, रिफॅम्पिसिन, रोज, चार महिने. लघवी केशरी होते, घाबरू नका, पण कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर त्यांनाही रंग चढतो. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, रिफॅम्पिसिन त्यातल्या बऱ्याच गोळ्यांचा असर कमी करतं. आणि नर्सने जाताना जे बजावलं ते सगळ्यांनी लिहून ठेवा : उपचार पुरा झाल्यावरही टीबी गोल्ड बहुतेकदा पॉझिटिव्हच येत राहते. पुढे नोकरीला, इंटर्नशिपला, ग्रीन कार्डला कुणी मागितली तर परत करत बसायचं नाही. उपचार पूर्ण झाल्याचं पत्र आणि एक्स-रेचा रिपोर्ट दाखवायचा. माझं पत्र जानेवारीत मिळेल.